सोमवारी आलेलं मतदान

"उठल्यापासून दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाई, प्रयाग. घरात साप निघाला तं काठी आपटजो, पण बोलू नको. हातवारे बी नाई करायचे. हातानं बोललं तरी ते बोलणंच असते."

सखूबाईंनी, म्हणजे प्रयागबाईंच्या सासूबाईंनी, हे सांगितलं तेव्हा त्या चुलीपुढे बसून सुताला लावायची खळ घोटत होत्या. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण दर सोमवारी डोळे उघडले की आधी तोच आवाज कानात यायचा, आणि प्रयागबाई ओठ मिटून अंथरुणाची घडी घालायला लागायच्या.

व्रत म्हटलं तर साधंच होतं. सोमवारी दिवसभर मौन. संध्याकाळी महादेवापुढे दिवा लावायचा आणि दिवसाचा पहिला शब्द देवाच्या नावाचा काढायचा. असं बारा वर्षं, मग महाशिवरात्रीला उद्यापन. एक वर्ष सरलं की मागावरच्या सुताच्या धाग्याला एक गाठ मारायची. तो धागा देवळीत पिंडीशेजारी खिळ्याला बांधलेला असायचा. प्रयागबाईंच्या धाग्याला अकरा गाठी झाल्या होत्या. बारावी येत्या शिवरात्रीला पडायची होती. मध्ये तीनच सोमवार उरले होते. उमरेडला दिलेली लेक प्रेमिला मुलांना घेऊन येणार होती, पाच जोडप्यांना मेहूण म्हणून जेवायचं सांगून झालं होतं, तूप कढवून ठेवलं होतं.

या व्रताला एक नियम मात्र कडक होता. मोडलं तर पहिल्यापासून. सखूबाईंचं स्वतःचं एकदा मोडलं होतं. त्यांचा रुपराव, म्हणजे प्रयागबाईंचे यजमान, चार वर्षांचा असताना विहिरीच्या कठड्यावर चढून आत डोकावत होता. सखूबाईंच्या हातात काठी नव्हती आणि पळत जाण्याइतका वेळही नव्हता. त्यांनी "रुप्या!" म्हणून हाक मारली. पोर दचकून मागे पडलं, वाचलं. त्या संध्याकाळी सखूबाईंनी सात गाठी सोडवल्या आणि तोच धागा कोरा करून पुन्हा खिळ्याला बांधला. त्याबद्दल त्या कधी हळहळल्या नाहीत आणि कधी त्याचं कौतुकही सांगितलं नाही. रुपराव मात्र मोठेपणी सांगायचे, "माह्या नावानं सात वर्षं जमा हायेत देवाकडं."

रुपरावांना बायकोचा सोमवार फार आवडायचा. "सोमवारी आपल्या घरी सरकारी सुट्टी असते," असं ते मागावर बसल्या बसल्या शेजाऱ्यांना सांगत. प्रयागबाई बाकीच्या दिवशीही फारशा बोलत नसत. बोलल्या तर हळू. गल्लीतल्या बायकांना व्रताच्या कहाण्या त्याच सांगायच्या, आणि त्या सांगायला लागल्या की ऐकण्यासाठी सगळ्यांना पुढे सरकून बसावं लागे.

गल्ली विणकरांची. प्रत्येक घरात एक तरी माग. गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आणि देवळामागे लांबोळं मोकळं मैदान. तिथे पाजणी चालायची. पाजणी म्हणजे मागावर चढवण्याआधी उभ्या सुताला खळ पाजणं. बांबूच्या घोड्यांवर ताणा लांबच लांब पसरायचा आणि दोन बाजूंनी दोघींनी कुंचा फिरवत ऊन चढायच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. घरात एवढी लांबी कुठून आणणार? पाजणी नाही तर सूत तुटतं, सूत तुटलं तर माग थांबतो. मैदान होतं म्हणून गल्ली चालत होती.

त्या मैदानावर बाजार बांधायचा, असं वॉर्डाचे मेंबर बाबूलाल यांनी माघ महिना लागल्यावर जाहीर केलं. "जरीपटका वस्तीत आहे तसा बाजार करून देतो," मारुतीच्या पारावर उभं राहून ते म्हणाले. "बाहेरगावचे लोक येतील. तुमच्या पोरांना दुकानं मिळतील."

"आणि ताणा कुठं लावावा, तुमच्या दुकानात?" मागून कोणीतरी विचारलं. लोक हसले. बाबूलालही हसले आणि त्यांनी दुसरा विषय काढला.

गल्लीतल्या पुरुषांची मोठी पंचाईत झाली. दिवाळीत बाबूलालांनी गल्लीत नळ आणला होता. त्या आनंदात सगळ्यांनी मारुतीपुढे बेलभंडार उचलून, यंदा मत तुम्हालाच, असं सांगून टाकलं होतं. आता शपथ मोडता येईना. त्यातूनही दोघेतिघे समोरच्या पक्षाच्या चंपतरावांकडे जाऊन आले. मैदान राहू देईन एवढा बेल उचला, म्हणाले. चंपतराव हसले. "अरे बाप्पा, बेल कायले पाहिजे? माझा शब्द आहे ना." पण बेलाला काही त्यांनी हात लावला नाही.

बायकांना शपथ कोणी घातलीच नव्हती. नवरा टाकेल तिथे बायको टाकेल, हे दोन्ही पक्षांनी धरूनच चाललं होतं.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं गोपिकानं. शेजारच्या घरातली नवी सून, हातात कुंचा, डोक्यावर पदर. "काकू, आपण तं बेल नाई उचलला," ती ताण्याच्या पलीकडून म्हणाली. "मंग आपण काहून बाबूलालले टाकावं?"

"मंग चंपतरावले टाकतं काय?" रंभाबाईंनी विचारलं. या गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या, प्रयागबाईंच्या बरोबरीच्या. "त्यानं तं बेलाले हातबी नाई लावला. जसं बेल नाई, इंगळी होती."

"जाऊच नाई मंग."

"नाई गेलं तं नत्थूजी टाकून देईल तुह्या नावानं. मागच्या खेपेले तुही सासू माहेरी होती, तरी तिचं मत पडलं होतं."

नत्थूजी हे बाबूलालांचे गल्लीतले माणूस. मतदानाच्या दिवशी शाळेतल्या खोलीत एजंट म्हणून तेच बसायचे.

कोपऱ्यावर राहणाऱ्या कुसुमताई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मागे त्यांना निवडणुकीचं काम लागलं होतं. त्या शाळेत जायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. "मताची चिठ्ठी घ्यायची आणि शिक्का न मारता साहेबांना परत द्यायची," त्या म्हणाल्या. "मला कोणालाच मत द्यायचं नाही, असं सांगायचं. ती त्यांना घ्यावीच लागते. तिच्यावर परत, रद्द असं लिहितात, वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि हिशोबात दाखवतात."

"दोघांच्या बी नावावर शिक्का मारला तं?" गोपिकानं विचारलं.

"तरी मत बाद होतं. पण मग नत्थूजी म्हणतील, बायांना शिक्का मारता आला नाही."

"म्हणतेच तो," रंभाबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेले मी चष्मा विसरून गेली होती. चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिली, तं नत्थूजीनं 'घाबरली बिचारी' म्हणून माह्या हातून घेतली अन् कोरीच घडी करून पेटीत टाकून बी देल्ली. साहेब पाहातच राहिला."

"म्हणून तर तोंडानं सांगायचं," कुसुमताई म्हणाल्या. "स्पष्ट. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

खोलीत साहेब असणार, पोलीस असणार, नत्थूजी असणार. नत्थूजी कोणाचे चुलत सासरे, कोणाचे मामे दीर. त्यांच्यासमोर तोंड उघडायचं कोणी? आणि मग न ठरवता सगळ्यांच्या नजरा प्रयागबाईंकडे वळल्या.

प्रयागबाईंनी ओल्या ताण्यावर हात ठेवला. विणकराच्या घरी याहून मोठी शपथ नसते. "मी पयले जाईन," त्या त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी बोलीन. मंग तुमी फक्त माह्यासारखं करा."

"कधी हाय मतदान?" गोपिकानं विचारलं.

"एकादशीच्या आदल्या दिवशी," रंभाबाई म्हणाल्या.

इथेच चूक झाली. मतदानाची तारीख सांगत टांगा दिवसातून तीनदा गल्लीतून जायचा. पण तारीख प्रयागबाईंच्या कानावरून नुसती निघून जायची. त्यांचे दिवस पंचांगानं चालत. आणि त्या पंधरवड्यात पंचांगात एकादशा होत्या दोन, सोमवारी स्मार्त आणि मंगळवारी भागवत. प्रयागबाई पहिली धरायच्या. माळकरी रंभाबाई दुसरी. प्रयागबाईंनी हिशोब केला, एकादशी सोमवारी, आदला दिवस रविवार. रविवारी बोलायला काही हरकत नाही.

रविवारी सकाळी त्यांनी आंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसलं, कुंकू लावलं, देवाला हात जोडले आणि बाहेर पडल्या. नळावर गोपिका घागर भरत होती.

"काकू! कोणाकडं हळदीकुंकू हाय?"

"हळदीकुंकू कायचं? चाल ना, चिठ्ठी परत देऊन येऊ. बाकीच्यायले बी हाक मार."

गोपिकाची घागर भरून वाहायला लागली. "काकू, ते तं उद्या हाय."

"उद्या?"

"उद्या. सोमवारी." आणि मग गोपिकाच्याही लक्षात आलं. तिनं तोंडाला पदर लावला. "माय वं."

थोड्या वेळात पाचसहा जणी प्रयागबाईंच्या ओसरीवर जमल्या. रंभाबाई तावातावानं आल्या. "मी तं माह्या एकादशीचं बोलली होती! तुमची एकादशी माही कवापासून झाली?"

"तुही चूक नाई, रंभा. मी विचारायले पाहिजे होतं."

"आता दोन एकादशा करणाऱ्यावर फिर्याद करा," रुपराव आतून मागावरून म्हणाले. कोणी हसलं नाही.

मार्ग मात्र सगळ्यांनी सुचवले. एकीनं सांगितलं, दुपारीच दिवा लावून टाका, दिवा लागला की मौन सुटलं. प्रयागबाईंनी नुसती मान हलवली. सूर्य डोक्यावर असताना लावलेला दिवा कोणासाठी? दुसरी म्हणाली, कागदावर लिहून द्या. पण लिहिणं हेही बोलणंच, सासूबाई असत्या तर त्यांनी तेच सांगितलं असतं. शिवाय रंभाबाईंच्या चिठ्ठीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. मुकी बाई चिठ्ठी घेऊन उभी राहिली तर नत्थूजी हात पुढे करणारच.

"मी बोलतो," गोपिका एकदम म्हणाली. विदर्भातल्या पोरी घाईत असं पुरुषासारखं बोलून जातात. ती उभी राहिली, पदर सारखा केला. "साहेब, मले..." इथवर नीट आलं. तेवढ्यात गल्लीतून कोणाच्या तरी वहाणांचा आवाज आला आणि ती खाली बसली.

वहाणा नत्थूजींच्याच होत्या. पांढरं धोतर, काळी टोपी, खिशात मतदारांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. ते ओसरीपुढे थांबले. "काय गा रुपराव, सभा भरली वाटते घरी?"

"बायांची हाय. आपल्याले आत घेत नाईत."

नत्थूजींनी सगळ्या जणींकडे पाहिलं आणि मग प्रयागबाईंकडे. आवाज अगदी गोड होता. "वहिनी, उद्या सोमवार नाई का? तुमचं मौन असते. तुमी चिंताच नका करू. नुसत्या येऊन उभ्या राहा. मी हावो ना तिथं. रंभावहिनीले जशी मदत केली, तशी तुमाले करीन. तुमाले तोंड उघडायचं कामच नाई."

"बरं," प्रयागबाई म्हणाल्या.

नत्थूजी गेल्यावर रंभाबाईंनी कपाळाला हात लावला. "याले कोणं सांगितलं वं?"

"सांगायले कायले पाहिजे?" प्रयागबाई म्हणाल्या. "माहा सोमवार अख्ख्या गल्लीले माहीत हाय." त्या उठल्या. "तुमी घरी जा. उद्या सकाळी मारुतीच्या देवळापाशी या. मी येतो."

"पण बोलन कोण?" गोपिकानं विचारलं.

"या म्हटलं ना."

बायका गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर प्रयागबाईंना जे दिसलं ते राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. प्रत्येकीनं मनात आपला दोर थोडा सैल केला होता, एवढंच. ही आली नाही तर आपणही कशाला? ही मुकी राहिली तर आपल्यालाही नत्थूजी मदत करतील. आणि मग पाच वर्षांनी पुन्हा कोणीतरी धरून चालेल की बायांचं काही म्हणणं नसतं.

संध्याकाळी त्यांनी भाकरी टाकल्या. रुपराव चुलीजवळ पाट घेऊन बसले.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"तुमच्या वीस-पंचवीस चिठ्ठ्यायनं मैदान वाचते काय?"

"नाई वाचत."

"मंग? बारा वर्षं होऊन राहिली. तीन सोमवार राहिले. प्रेमिलाले ये म्हणून कळवलं हाय. मेहुणं सांगितली. ते तूप पाहून घे एकदा, अख्ख्या घराले वास सुटला हाय त्याचा. अन् हे सगळं कायच्यासाठी? त्या पाकिटासाठी?"

प्रयागबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "त्या दिवशी बाबूलाल पारावर बोलून राहिला होता, तवा मी देवळात होती," त्या म्हणाल्या. "तो म्हणे, गल्लीनं मले बेल उचलून देला हाय, गल्ली माही हाय. मले वाटलं, मी कवा उचलला? मले तं कोणं विचारलंच नाई. मी त्याले नाई बी म्हटलं नाई अन् हो बी म्हटलं नाई. अन् माहा हो त्याच्या खिशात."

"मंग नको टाकू त्याले. चुपचाप शिक्का मार कुठं बी."

"ताण्यावर हात ठेवून बोलली मी."

"देवाले बी बोलली हाय तू."

"हो," प्रयागबाई म्हणाल्या. "दोघायले बोलली." त्यांनी भाकरी रुपरावांच्या ताटात वाढली आणि वर तुपाचा डबा उघडून एक चमचा तूप घातलं. उद्यापनाच्या तुपातलं. रुपरावांनी ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. ते जेवायला लागले.

सोमवारी पहाटे डोळे उघडले आणि सासूबाईंचा आवाज आला, दर सोमवारसारखाच. साप निघाला तरी काठी आपटजो. प्रयागबाईंनी ओठ मिटून अंथरुणाची घडी घातली. सडा टाकला. आंघोळ केली. पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला. बेल वाहताना हात जरा थांबला, कारण या पानाला चंपतरावांनी हात लावला नव्हता आणि बाबूलालांनी त्याच्याच जोरावर गल्ली आपली म्हटली होती. पानाचा त्यात काही दोष नव्हता. त्यांनी ते नीट पालथं घालून ठेवलं.

मग त्या देवळीपुढे बसल्या आणि खिळ्यावरचा धागा काढून मांडीवर घेतला.

सुताची गाठ मारायला सोपी, सोडवायला कठीण. विणकराच्या घरात वाढलेल्या बाईलाही जुनी गाठ सोडवताना नख लागतं. पहिली गाठ प्रेमिलाचं लग्न झालं त्या वर्षीची होती, काळी पडलेली. ती सुटेना तेव्हा प्रयागबाईंनी धाग्याला थोडं पाणी लावलं. त्यानंतरची सुटली. मग पुढची. एका वर्षी त्यांना टायफॉइड झाला होता, तापात बडबड होऊ नये म्हणून रुपरावांनी दर सोमवारी त्यांच्या तोंडावर ओला फडका धरून ठेवला होता. त्या वर्षीची गाठ रुपरावांनीच मारली होती आणि ती सगळ्यांत घट्ट होती.

रुपराव दारात येऊन उभे राहिले. हातात दातवण होतं. बायकोच्या मांडीवर काय आहे ते त्यांनी पाहिलं.

"प्रयाग."

त्यांनी पुढच्या गाठीला नख लावलं. सोमवार होता. शाळेच्या खोलीत साहेबांच्या टेबलापुढे उभं राहीपर्यंत तो सोमवारच राहणार होता, आणि एक वाक्य बोलून झालं की पुन्हा दिवा लागेपर्यंत सोमवारच. मोडायचं ते तेवढंच, त्याच्या आधीचं आणि नंतरचं नाही.

शेवटची गाठ सुटली. धागा जिथे जिथे गाठी होत्या तिथे वाकडा राहिला होता. प्रयागबाईंनी तो दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत ओढला, पाजणीत ओढतात तसा, आणि पुन्हा खिळ्याला बांधला.

रुपराव दातवण तसंच हातात धरून उभे होते. "आईनं माह्यासाठी सात सोडल्या होत्या," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "मी बी येतो. पण सांगून ठेवतो, मी बाबूलाललेच टाकीन. बेल उचलला हाय मी."

प्रयागबाईंनी कोनाड्यातली आपल्या नावाची मतदाराची चिठ्ठी कमरेला खोचली आणि पदर डोक्यावर घेतला. उंबऱ्यापाशी त्यांनी मनातल्या मनात वाक्य एकदा म्हणून पाहिलं. साहेब, मले हे मत कोणालेच द्यायचं नाई, हे घ्या परत. लांब होतं. त्यांनी त्यातला एक शब्द कमी केला.

बाहेर मैदानावर कोणाचा तरी ताणा पसरलेला होता, खळ अजून ओली होती. देवळापाशी रंभाबाई उभ्या होत्या. गोपिका तिच्या सासूच्या मागे उभी होती. आणखी चारपाच जणी आल्या होत्या, काही आल्या नव्हत्या. प्रयागबाईंना पाहून कोणी काही विचारलं नाही, कारण सोमवारी त्यांना काही विचारायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या थांबल्या नाहीत. ताण्याला धक्का लागू नये म्हणून त्यांनी लुगड्याचा काठ हातात धरला आणि मैदानाच्या कडेकडेनं शाळेच्या दिशेनं चालू लागल्या.